लालबागचं कॅरमचं दुकान आणि सतराशे एकतीस रुपयांचा हिशेब

१५.६ ग्रॅम. गेल्या वर्षी शाळांच्या एका स्पर्धेत पंचांनी माझ्या मुलीचा स्ट्रायकर काट्यावर ठेवला आणि हा आकडा दिसला. नियमाप्रमाणे स्ट्रायकर १५ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. पंच भले गृहस्थ होते, त्यांनी त्यांच्याजवळचा एक स्ट्रायकर तिला खेळायला दिला. पण परका स्ट्रायकर म्हणजे परकी चप्पल. पहिल्याच ब्रेकला तिचा अंदाज चुकला, मग दोन फाऊल झाले, आणि जिच्याशी ती सरावात सहज जिंकते त्या मुलीकडून ती हरली. घरी येताना ट्रेनमध्ये ती काही बोलली नाही. भांडुप आल्यावर एवढंच म्हणाली, "आई, माझा शॉट चुकला नव्हता गं."

तो स्ट्रायकर मी मोबाईलवरून मागवला होता, २६० रुपयांना. माहितीत ‘टूर्नामेंट ग्रेड’ असं ठळक लिहिलेलं होतं. वजन कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि मीही बघितलं नव्हतं. त्याच्या आदल्याच आठवड्यात मी तिला लालबागच्या दुकानात नेलं होतं. तिथल्या काकांनी सात-आठ स्ट्रायकर तिच्या हातात देऊन बघितले, त्यातला एक निवडला, कागदात गुंडाळून बाजूलाही ठेवला. किंमत ३५०. "पुढच्या वेळी नेते," असं सांगून मी निघाले आणि घरी येऊन दिसायला तसाच असलेला स्वस्तातला मागवला. त्यांचा अर्धा तास मी फुकट वापरला, नव्वद रुपये वाचवले, आणि त्याची किंमत माझ्या मुलीनं मोजली. याची मला आजही लाज वाटते. म्हणून या दुकानाबद्दल नीट, पैशांच्या हिशेबासकट लिहायला बसले आहे.

दुकानाचं नाव मी देत नाहीये. देऊ नको, असं काकांनीच सांगितलं. वय सत्तरीच्या पुढे, हाताखाली एकच माणूस, आणि एकदम दहा फोन आले की हातातलं काम बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. करी रोडला उतरून लालबागच्या दिशेनं चालत या आणि मंडळात कॅरम खेळणाऱ्या कुणालाही विचारा. सापडतं.

जागा म्हणाल तर एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर जेमतेम दहा बाय आठची खोली. भिंतीला उभे लावलेले बोर्ड, प्रत्येक दोन बोर्डांमध्ये वर्तमानपत्राची घडी. मध्ये एका लाकडी स्टँडवर मांडलेला बोर्ड, त्याच्यावर लोंबणारा शेडचा दिवा. काउंटरच्या मागे सोनाराकडे असतात तशा छोट्या छोट्या खणांचं कपाट, त्यात वजनाप्रमाणे लावलेले स्ट्रायकर. आणि बोरिक पावडरचा तो कोरडा, काहीसा दवाखान्यासारखा वास. तो वास आला की मी चाळीच्या गॅलरीत उभी असते.

आमच्या चाळीत एक बोर्ड होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत होते. त्यांनी आणि मजल्यावरच्या आणखी चार घरांनी वर्गणी काढून तो याच दुकानातून घेतला होता, काकांच्या वडिलांच्या काळात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी पहिलीत होते. नंतरचे कित्येक महिने आठवतात ते त्या बोर्डाभोवती बसलेल्या माणसांचे. कामावर जायचं नाही, घरात बसवत नाही, मग दिवसभर कॅरम. आम्हा मुलींची पाळी दुपारी जेवणं झाल्यावर, पुरुष आडवे झाले की. पावडर परवडेनाशी झाली तेव्हा कुणीतरी अंगाला लावायची पावडर टाकली. बोर्ड दोन दिवसांत चिकट झाला. अण्णा तो चौथ्या घरातल्या काकांबरोबर डोक्यावरून दुकानात घेऊन गेले. दुकानदारानं घासून दिला आणि पैसे ‘संप मिटल्यावर द्या’ म्हणाला. संप तसा मिटलाच नाही. ते पैसे अण्णांनी पुढे वॉचमनची नोकरी लागल्यावर नेऊन दिले, हे मला आईनं सांगितलं.

तो बोर्ड आता माझ्या भावाकडे आहे. त्याच्या पाठीवर दुकानाचा जांभळा शिक्का अर्धा पुसलेला दिसतो.

तर स्पर्धेनंतरच्या शनिवारी मी तो १५.६ ग्रॅमचा स्ट्रायकर घेऊन काकांकडे गेले आणि जे झालं ते सगळं सांगितलं. मोबाईलवरून मागवल्याचंही. त्यांनी ऐकून घेतलं. स्ट्रायकर काट्यावर ठेवला, मग काचेच्या सपाट तुकड्यावर कडेवर उभा करून लोटला. तो सरळ न जाता डावीकडे वळला. "वजन तर जास्त आहेच, पण एका बाजूला जाडही आहे," म्हणाले. मग त्याच काचेवर पाणी टाकून बारीक पॉलिश पेपर पसरला आणि स्ट्रायकर दोन बोटांनी दाबून आठच्या आकड्यात फिरवायला सुरुवात केली. मध्येच उचलून काट्यावर ठेवायचा, पुन्हा फिरवायचा. पंचवीस मिनिटं लागली. १४.९ वर आल्यावर थांबले, कापडानं चमकवला आणि पुन्हा लोटला. सरळ गेला. मजुरी ४० रुपये.

"हा तिला घरी सरावाला ठेव," म्हणाले. "स्पर्धेला मात्र तिचा वेगळा लागेल. तिला घेऊन ये."

बाजूला ठेवलेला कागदात गुंडाळलेला तो स्ट्रायकर अजून तिथेच होता. काकांनी तो लगेच दिला नाही. मुलीला समोर बसवलं, बोटं टेबलावर पसरायला सांगितली. तिची बोटं लहान आहेत आणि ती मधल्या बोटानं मारते, तर्जनीनं नाही, हे त्यांनी एका शॉटमध्ये ओळखलं. मधल्या बोटाला जोर जास्त, म्हणून तिला उगाच जड स्ट्रायकर नको, कट मारताना तो तिच्या ताब्यात राहणार नाही. आधी निवडलेला १५ च्या अगदी काठावरचा होता. तो त्यांनी स्वतःहून परत ठेवला आणि १४.२ ग्रॅमचा काढला, तोही ३५० चाच. व्यास मोजून दाखवला: ४.१ सेंटीमीटर. नियमात ४.१३ पर्यंत चालतो. मग तिला वीस मिनिटं खेळू दिलं. थर्ड पॉकेट, कट, बेस लाइनवरच्या, म्हणजे स्ट्रायकर ठेवायच्या रेघेवरच्या, सोंगटीला थंब शॉट. दुकानात तेव्हा आणखी दोन गिऱ्हाईकं उभी होती, तीही बघत होती. एकानं तिला अंगठ्याचा कोन बदलून बघायला सांगितलं. ती त्याच दुकानात तो शॉट शिकली.

माझ्या मुलीच्या कपाटाच्या दारावर आतून एक कात्रण चिकटवलेलं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत कॅरमचा विश्वचषक झाला, त्यात चेन्नईच्या रिक्षाचालकाच्या मुलीनं, काझिमानं, तीन सुवर्णपदकं जिंकली. काकांच्या दुकानातही काउंटरच्या काचेखाली काझिमाचा फोटो आहे. माझी मुलगी तो बघून जी खुलली, ती त्यांच्याशी तासभर बोलत बसली.

आता बोर्डाकडे येते, कारण खरे पैसे तिथे जातात आणि फसवणूकही तिथेच जास्त होते.

दोन वर्षांपूर्वी मी मुलीसाठी पहिला बोर्ड ऑनलाइन घेतला होता. छापील किंमत ४,९९९, सवलतीत २,१९९. ‘फुल साइज ३२ इंच’. घरी आला तेव्हा छान दिसत होता. पण ते ३२ इंच बाहेरच्या कडेपासून मोजलेले. फ्रेम दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच, म्हणजे खेळायला आत उरले २६ इंच. खऱ्या बोर्डाची खेळायची जागा ७४ सेंटीमीटर, म्हणजे २९ इंच असते. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाच्या नियमांत किमान ७३.५ आणि कमाल ७४ सेंटीमीटर दिलेले आहेत, आणि प्लाय किमान ८ मिलिमीटर जाड हवा. माझा ४ मिलिमीटरचा होता. जुलै उजाडला तसा मध्यभाग बसला. सोंगट्या मधोमध मांडल्या की आपोआप एकमेकींकडे सरकायच्या. तिन्हीसांजेला दिवा लावला की प्लायचा खोलगटपणा सावलीत दिसायचा. दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याला दिला. त्यानं ३० रुपये दिले.

तीन इंचांनी काय फरक पडतो, असं मलाही वाटलं होतं. पण २६ इंचांवर शिकलेल्या हाताला २९ इंचांवर समोरचं पॉकेट लांब वाटतं. जोर कमी पडतो, रिबाउंडचे कोन चुकतात. मुलीला पहिले तीन महिने हेच विसरायला लागले.

म्हणून २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी, मी काकांकडे गेले ते ठरवूनच: बोर्ड इथूनच घ्यायचा. त्यांच्याकडे ८ मिलिमीटरपासून २० मिलिमीटरपर्यंत प्लाय आहेत. मला वाटलं होतं सगळ्यात जाड तो सगळ्यात चांगला. त्यांनी नको म्हणून सांगितलं. "घरात दोन माणसांना उचलता आला पाहिजे. २० चा बोर्ड क्लबला ठीक, तो एकदा मांडला की हलत नाही. तुला रोज पलंगाखालून काढायचाय ना?" १६ मिलिमीटरचा दाखवला. वीस मिलिमीटरच्यात त्यांना निदान दोन हजार जास्त मिळाले असते.

त्यांनी एकाच मापाचे तीन बोर्ड ओळीनं काढले. पहिल्यावर लोखंडी पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी ठेवली आणि पलीकडून टॉर्च मारला. पट्टीखालून जिथे उजेड येईल तिथे प्लाय बसलेला. पहिल्याच्या मधोमध केसाएवढी रेघ दिसली. तो बाजूला. दुसऱ्याचा पृष्ठभाग सरळ होता, पण फ्रेमचा एक सांधा नखाला लागत होता. "लाकूड अजून मुरलं नाहीये, पावसात हा सांधा उघडेल." तोही बाजूला, आणि त्यावर खडूनं फुली. तिसऱ्यावर १५ ग्रॅमचा स्ट्रायकर ठेवून त्यांनी पूर्ण ताकदीनं समोरच्या फ्रेमवर मारला. गेला, आला, पुन्हा गेला आणि अर्ध्यात थांबला. "साडेतीन फेऱ्या झाल्या पाहिजेत. अडीचच झाल्या." मी म्हटलं, मग हाही नको? तर म्हणाले, नाही, याला अजून पावडर लागलेली नाही. चिमूटभर पावडर टाकून तळहातानं फिरवली, कोरड्या कापडानं पुसली आणि पुन्हा मारला. साडेतीन. मग चारही बाजूंनी तेच. एका बाजूची फ्रेम मऊ आणि दुसरी कडक असेल तर खेळणाऱ्याला कायम वाटत राहतं की आपलाच हात चुकतोय.

बोर्डाला बांधलेल्या चिठ्ठीवर किंमत होती ८,५१२. काकांनी पेन काढून ती खोडली आणि ७,९८० लिहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅरम बोर्डावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ७,६००, त्यावर आधी ९१२ कर, आता ३८०. मला हे माहीतच नव्हतं. त्यांनी गप्प बसून जुन्या चिठ्ठीचे पैसे घेतले असते तरी मी दिले असते.

त्याच बनावटीचा, त्याच जाडीचा बोर्ड ऑनलाइन तेव्हा ७,१४९ ला होता, घरपोच. दुकानात ८३१ रुपये जास्त. शिवाय लालबागहून भांडुपला न्यायला छोटा टेम्पो करावा लागला, त्याचे ९००. म्हणजे एकूण सतराशे एकतीस रुपये मी जास्त मोजले. महिन्याचा पगार ठरलेला असणाऱ्या बाईला हे पैसे दिसतात. माझ्या नवऱ्यानं विचारलंही, आणि विचारणं रास्तच होतं.

मी त्याला जे सांगितलं तेच इथे सांगते. ऑनलाइन घेतला असता तर त्या तिघांतला कुठला आला असता? टॉर्चखाली उजेड दाखवणारा पहिला आला असता, तरी मला कळलं नसतं. तो परत पाठवायचा म्हटलं तर आधी दोन माणसं लागतात त्याला खोक्यात घालायला. आणि परत पाठवून जो येईल त्याच्यावर तरी पट्टी कोण ठेवणार? शिवाय या ८३१ मध्ये काकांनी पहिल्या वर्षीची एक घासणी धरली आहे, जिचे ते एरवी ९०० घेतात. स्टँडची उंची मुलीच्या खुर्चीप्रमाणे कापून दिली. नियमात स्टँड ६३ ते ७० सेंटीमीटर उंच सांगितलेलं आहे, तिला ६४ बरोबर बसतं. आणि त्या तीन बोर्डांवर त्यांनी घालवलेला दीड तास.

घासणी म्हणजे काय, तेही सांगते, कारण पुष्कळ जण बोर्ड संथ झाला की टाकून देतात. खेळून खेळून वरचा लॅकर घासला जातो, त्यात घाम आणि पावडर बसते, बेस लाइनजवळ काळपट पट्टा तयार होतो. काका तो थर बारीक कागदानं काढतात, पण खालच्या रेषा जाणार नाहीत इतक्याच हातानं. जिथे रेषा फिकट झाली तिथे पट्टी लावून पुन्हा ओढतात. बेस लाइन ४७ सेंटीमीटरची, तिच्या दोन्ही टोकांना ३.१८ सेंटीमीटरची लाल वर्तुळं. मग लॅकरचा नवा हात, आणि तो पूर्ण वाळेपर्यंत बोर्ड परत देत नाहीत. अण्णांचा बोर्ड असा किती वेळा घासला गेला असेल कोण जाणे. त्याच्या रेषा एकाच जाडीच्या नाहीत, आणि भावाच्या घरात अजून त्यावर रोज खेळ होतो.

पावडरीचंही तसंच. त्यांच्याकडची बोरिक पावडर बाहेरच्यापेक्षा महाग पडते, हे खरं आहे. पण ती कोरडी असते. बोरिक पावडरीचे कण सूक्ष्म पातळ पापुद्र्यांचे असतात आणि ते पापुद्रे एकमेकांवरून घसरतात, म्हणून सोंगटी पळते. दमट झाली की गोळे होतात आणि मग ती वाळूसारखी आडवी येते. मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या पुडीतली पावडर आठवड्यात गेली समजा. काकांनी मला घट्ट झाकणाच्या डब्यात तांदळाची पुरचुंडी टाकून ठेवायला सांगितलं. आणि लहान मुलं खेळत असतील तर खेळून झाल्यावर हात धुवायला लावा, ती पोटात जायची वस्तू नाही, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात. खोक्यावर हे बारीक अक्षरात असतं. कुणी वाचत नाही.

पावसाळ्यात बोर्ड ओल आलेल्या भिंतीला टेकवायचा नाही, पलंगाखाली आडवा असला तरी फरशीपासून दोन विटा वर हवा, आणि संध्याकाळी खेळायच्या आधी दहा मिनिटं वरचा दिवा लावून ठेवायचा. एलईडीच्या दिव्याचा त्यासाठी उपयोग नाही, त्याला फारशी ऊब नसते. अण्णांच्या बोर्डावर साठ वॉटचा पिवळा दिवा असायचा तो केवळ उजेडासाठी नव्हता, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.

सोंगट्यांबद्दल थोडक्यात: घरच्या खेळाला महाग संच घेऊ नका. वजन ५ ते साडेपाच ग्रॅममध्ये असलं आणि सगळ्या एका जाडीच्या असल्या की पुरे. काकांकडे ४५० चा संच आहे, तो आम्ही वापरतो. एक सोंगटी हरवली तर ते सुटी देतात, वजन जुळवून. नऊ काळ्यांतली एक पलंगाच्या फटीत गेली म्हणून पूर्ण संच घ्यायची वेळ दुसरीकडे कुठेही येते.

आता तक्रारी. त्या आहेत आणि त्या मी काकांना तोंडावर सांगितल्या आहेत.

दुकान दुपारी एक ते चार बंद, सोमवारी पूर्ण बंद, आणि फोन उचलला जाईल याची खात्री नाही. भांडुपहून येऊन बंद दारासमोर उभं राहण्याची वेळ माझ्यावर दोनदा आली. आतमध्ये तीन माणसं झाली की चौथ्यानं बाहेर उन्हात उभं राहायचं. किमतीत घासाघीस होत नाही. पण सगळ्यात मोठी तक्रार तारखेची. गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतल्या मुलांसाठी मी आठ दिवसांचं शिबिर ठेवलं होतं. सोसायटीचा जुना बोर्ड घासायला दिला होता, देतो म्हणाले होते २ मेला, मिळाला ११ ला. शिबिर उलटून गेलं. बारा मुलं एकाच बोर्डावर खेळली, त्यातली चार तिसऱ्या दिवशी यायची थांबली. मी खूप चिडले होते. काका म्हणाले, लॅकर वाळला नव्हता, ओला दिला असता तर पहिल्याच दिवशी ठसे उठले असते. असेल. मग तारीख देताना ती नऊ दिवस पुढची द्यायला हवी होती, असं मी त्यांना म्हटलं. आता ते माझ्या कामाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवतात. तरीही सुट्टीच्या आणि गणपतीच्या आधी त्यांच्याकडे काम देऊ नका. मंडळांच्या स्पर्धांचे बोर्ड तेव्हा रांगेत असतात.

अगदी लहान मुलांसाठी, पाच-सहा वर्षांच्या, तर तिथे जायचीही गरज नाही. कोपऱ्यावरच्या खेळण्यांच्या दुकानातला छोटा बोर्ड पुरतो, काकाही तेच सांगतात. मूल दहा-अकराचं झालं आणि ‘आज किती वेळ खेळू?’ असं स्वतःहून विचारायला लागलं, की मग जा.

त्यांची इमारत पुनर्विकासात जाणार आहे. कागदपत्रं झाली आहेत, तारीख ठरायची आहे. नव्या इमारतीत दुकानाला गाळा मिळेल असं लिहून दिलेलं आहे, पण मधली तीन-चार वर्षं कुठे बसायचं हा प्रश्न आहे. भाड्याच्या जागेत लॅकरचं काम करू देत नाहीत, वासाची तक्रार येते. त्यांचा मुलगा नोकरीला आहे. हाताखालचा माणूस काम शिकलेला आहे, पण त्याच्याजवळ भांडवल नाही. मी गेले तेव्हा दोघं मिळून स्ट्रायकरच्या खणांवर नव्यानं वजनांच्या चिठ्ठ्या चिकटवत होते, जेणेकरून कपाट हलवलं तरी क्रम मोडणार नाही. गेल्या महिन्यात दिवसभरात तीन स्ट्रायकर आणि एक पावडरीचा डबा एवढीच विक्री झाल्याचे दिवसही गेले, असं काका म्हणाले. त्याच दिवशी किती जण येऊन स्ट्रायकर हाताळून, फोटो काढून गेले, ते त्यांनी सांगितलं नाही, पण माझ्यासमोरच दोघं तसे गेले. त्यांतल्या एकाला मी जिन्यापाशी थांबवून १५.६ ग्रॅमची गोष्ट सांगितली. तो परत आत गेला की नाही, ते बघायला मी थांबले नाही. मला ट्रेन गाठायची होती.

जायचं असेल तर मंगळवार ते शुक्रवार, दुपारी चारनंतर जा. खेळणाऱ्याला बरोबर न्या, त्याच्या बोटांशिवाय स्ट्रायकर निवडता येत नाही. जुना बोर्ड असेल तर आधी त्याचा फोटो नका पाठवू, फोटोवरून त्यांना काही कळत नाही. घरी लोखंडी पट्टी तिरकी ठेवून बघा, मध्ये किती उजेड येतो ते नखाच्या जाडीत सांगा. रोख किंवा यूपीआय, कार्ड चालत नाही. बोर्ड नेणार असाल तर टेम्पोवाला त्यांच्याच ओळखीचा घ्या, तो बोर्ड आडवा टाकत नाही, चादरीत गुंडाळून उभा बांधतो.

माझी पहिल्या वर्षीची घासणी अजून शिल्लक आहे. गणपतीनंतर नेणार आहे, म्हणजे मंडळांची रांग संपलेली असेल. तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून घेतली आहे.